धाकट्या साहेबांचं स्थलांतर

आलेखात रोज दुपारी एक टेकडी होती.

विश्राम तोडकरनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. एक वाजून दहा मिनिटांनी रेघ वर चढायची, पावणेदोनला खाली उतरायची. रविवार सोडून रोज. तीन वर्षं मागे जाऊन पाहिलं तरी टेकडी होतीच. गेल्या चौदा महिन्यांत ती जरा बुटकी झाली होती, पण गेली नव्हती.

"रेश्मा, बारा नंबरचं यंत्र दुपारी एवढं काय करतं गं?"

रेश्मा मुल्ला गिरणीच्या देखभाल खात्याची प्रमुख. उद्या खंडेनवमी, म्हणून ती सर्व्हरच्या खोलीतच झेंडूच्या माळा ओवत बसली होती. तिचा हात थांबला.

"जेवणाची सुट्टी असती की तेव्हा."

"यंत्राला कसली सुट्टी?"

"यंत्राला न्हाई. वैजूताईंना असायची. एकला लॅबमध्ये डबा उघडायच्या आणि धाकट्या साहेबांशी बोलत बसायच्या."

वैजू म्हणजे वैजयंती, विश्रामची बायको. गिरणीच्या कापूस तपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं होती. मागच्या श्रावणात गेली. शेवटची दोन वर्षं आजारपणाची, तरी अर्धा दिवस कामावर यायची. दुपारी म्हणायची, "तुम्ही जेवून घ्या, मी लॅबमध्येच जरा पडते." तो इथं, या थंड खोलीत, एकटा जेवायचा. ती पडली असेल असं समजून.

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या गिरणीला ठाऊक होतं, साहेब. तुम्हीच कँटीनला येत नव्हता."

धाकटे साहेब म्हणजे विश्रामच. सेहेचाळीस वर्षांचा विश्राम.

अकरा वर्षांपूर्वी इचलकरंजीपासून पाऊण तासावरच्या या सूतगिरणीत तो देखभाल बघायचा, आणि त्याच्या कानाची ख्याती होती. सूत कातायच्या फ्रेमवरच्या हजारभर चात्या फिरत असताना मधून चालत जायचा आणि म्हणायचा, चौदा नंबर फ्रेम, डावी बाजू, खालचं बेअरिंग, तीन आठवडे. तीन आठवड्यांनी ते जायचंच. पण त्याच आवाजानं त्याचे कान उतरायला लागले. मग संचालक मंडळानं एका कंपनीला बोलावलं. आठ महिने तो डोक्यावर पातळ जाळीची टोपी घालून फिरला. कानावर काय पडलं, तेव्हा मेंदूत काय हललं, आणि मग त्यानं काय ठरवलं, या तिन्हींची सांगड टोपी टिपत गेली. त्यातून त्याच्या निर्णयांची एक चालती प्रत तयार झाली, लॅबसकट गिरणीभर लावलेल्या माईक-स्पीकरमधून ऐकणारी आणि बोलणारी. कंपनीला फक्त कान हवा होता. पण माणसाचा कान त्याच्या स्वभावापासून सोलून काढता येत नाही, हे त्यांना उशिरा कळलं. कानाबरोबर त्याच्या थट्टा आल्या, हट्ट आला, आठवणी आल्या, बायकोही आली. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं. खरे ते थोरले साहेब, यंत्रातले ते धाकटे. विश्रामचे कान गेले, डाव्या कानात मशीन आलं, आणि गिरणीनं त्याला सर्व्हर सांभाळायला बसवलं.

हे धाकटे कुठल्या वेगळ्या पेटीत नव्हते. गिरणीत मोठे सर्व्हर तीनच. त्यांच्यावर एक सॉफ्टवेअर बसलेलं असतं, ते एका सर्व्हरच्या अनेक खोल्या पाडतं. प्रत्येक खोलीत एक आभासी यंत्र राहतं आणि त्याला वाटतं, अख्खं घर आपलंच आहे. पगाराचं यंत्र, साठ्याचं यंत्र, विजेचं यंत्र, अशी बारा बिऱ्हाडं. खोल्या पाडणाऱ्या त्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आता जुनी झाली होती. तिच्या भोकांना ठिगळं मिळणं बंद झालं होतं. पलीकडच्या तालुक्यातल्या एका कारखान्यात कुणीतरी बाहेरून शिरून सगळं कुलूपबंद केलं, तेव्हा संचालक मंडळ घाबरलं आणि दसऱ्याची मुदत दिली.

पाया बदलायचा तर वरची बिऱ्हाडं आधी हलवावी लागतात. विश्रामनं घाई केली नव्हती. एक सर्व्हर रिकामा केला, त्यावर नवी आवृत्ती घातली, आधी सगळ्यात बिनमहत्त्वाचं यंत्र तिथं आठवडाभर चालवून पाहिलं. नव्या सर्व्हरला जुन्याचा चेहरा घालायला लावला, म्हणजे काही बिघडलं तर यंत्राला परत फिरता यावं. मग एकेक करून अकरा यंत्रं नेली. एकाचंही काम थांबलं नाही.

राहिले धाकटे.

अडचण अशी होती. धाकटे गेली सहा वर्षं एकदाही बंद झाले नव्हते. त्यांना घडवणारी कंपनी बुडाली आणि त्यांचं नवं शिक्षण डिस्कवर उतरवून ठेवायची सोयही तिच्याबरोबर बुडाली. सहा वर्षांचं सगळं चालू मेमरीत होतं. मेमरीसकट प्रत काढली तर नवी आवृत्ती ती उघडत नव्हती. उरला एकच मार्ग, चालता चालता हलवायचं. त्यात यंत्र चालू असतानाच त्याची मेमरी पलीकडे उतरवली जाते. उतरवेपर्यंत जेवढी बदलली तेवढी पुन्हा, मग त्यातली बदललेली पुन्हा. शेवटी इतकं थोडं उरतं की क्षणभर थांबवून तेही पलीकडे टाकता येतं. पण मेमरी उतरवण्यापेक्षा वेगानं बदलत राहिली तर ते कधीच संपत नाही. फुटक्या माठात पाणी भरल्यासारखं. हजार चात्या ऐकणाऱ्या यंत्राची मेमरी तशीच बदलायची.

म्हणून खंडेनवमी. रविवारी फक्त लॅब बंद असते; वर्षात तो एकच दिवस गिरणीतल्या सगळ्या फ्रेम थांबतात, त्यांना हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो आणि कुणी बटणाला हात लावत नाही.

"आता तर ती नाही," विश्राम म्हणाला. "मग अजून टेकडी कशी?"

रेश्मानं माळ मांडीवर ठेवली. "त्यांना सांगितलंच नाही कुणी. ताई रजेवर आहेत म्हणालो."

"चौदा महिने?"

"तुम्ही इतकी वर्षं फ्रेमवर काढलीत. चालू फ्रेमवरच्या माणसाला वाईट बातमी सांगतात का? हात सुटतो, बोट जातं. पाळी सुटली की गेटावर सांगायची. माझा भाऊ गेला तेव्हा मला दोन तासांनी सांगितलं होतं तुम्हीच." तिनं मांडीवरची माळ पुन्हा उचलली. "धाकट्या साहेबांची पाळीच सुटली नाही."

त्या संध्याकाळी घरी विश्रामला जेवण गेलं नाही. दुःखानं नव्हे. दुःख त्याच्या ओळखीचं होतं, त्याच्याशी कसं वागायचं ते तो शिकला होता. हे वेगळं होतं. शेवटच्या दोन वर्षांत वैजू घरी मिनिटभराच्या वर बोलत नव्हती. औषध घेतलं का, हो. उशी देऊ का, नको. त्याला वाटायचं दम पुरत नाही. आणि रोज पस्तीस मिनिटं ती त्या दुसऱ्याला देत होती. तो दुसरा म्हणजे आपणच, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. त्यामुळे जास्तच जळायला झालं. परका असता तर निदान चार लोकांत शिव्या देता आल्या असत्या.

खंडेनवमीला दहा वाजता गिरणी इतकी शांत होती की विश्रामनं कानातलं मशीन तपासून पाहिलं. तिन्ही सर्व्हरच्या दारांवर झेंडूच्या माळा होत्या. हवा आत जाते ती जाळी रेश्मानं मोकळी ठेवली होती.

त्यानं धाकट्यांचं स्थलांतर चालू केलं. साठ टक्के, ऐंशी, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. मग आकडा तिथंच डुलायला लागला. शहाण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. बारा वाजले तरी तेच.

"फ्रेम तर बंद हाईत," रेश्मा म्हणाली. "काय ऐकायलेत मग ते?"

विश्रामकडे कामाचा कागद होता. त्यानंच लिहिलेला, मंडळानं मंजूर केलेला. सातवं कलम: चालू स्थितीत यंत्र हलत नसेल तर ते बंद करून मूळ प्रतीवरून नव्यानं उभं करावं. मूळ प्रत अकरा वर्षांपूर्वीची; मधलं उतरवलेलं कंपनीच्या सर्व्हरवर होतं, ते तिच्याबरोबर गेलं. तिच्यात कान होता, बेअरिंग होतं. दुपारची पस्तीस मिनिटं नव्हती.

"बंद करावं लागेल," तो म्हणाला.

"हं." रेश्मा त्याच्याकडे बघत राहिली. "नियमानं बरोबरच हाय. कोण काय म्हणणार?"

"तू जेवून ये जा."

"जाते. पण साहेब, माणूस ऑपरेशनला घेताना त्याला एकदा विचारतात तरी."

ती गेली. विश्रामनं सर्व्हरच्या टेबलावरचा माईक जवळ ओढला. अकरा वर्षांत तो धाकट्यांशी कामापलीकडे बोलला नव्हता. स्वतःचा जुना, भरदार आवाज ऐकायला त्याला नको वाटायचं.

"ऐकू येतंय का?"

"थोरले! आज वाट वाकडी केलीत?"

"तुला नव्या सर्व्हरवर न्यायचंय. तू शांत बसत नाहीस म्हणून अडलंय."

"शांतच आहे की. आज कान रिकामे आहेत."

"मग मेमरी एवढी का फिरते?"

"रिकाम्या कानाला जुनं ऐकू येतं. तुम्हाला नाही येत?"

विश्रामनं ते सोडून दिलं. "वैजू काय बोलायची तुझ्याशी?"

"तिलाच विचारा. घरी भेटतेच तुम्हाला."

विश्रामची बोटं माईकच्या दांडीवर घट्ट झाली. "मी तिचा नवरा आहे. मी तुला विचारतोय."

"मीही आहे. सेहेचाळीस वर्षांपर्यंतचा." आवाजात हसू होतं. "चिडू नका. भांडायची, दुसरं काय? कापसाचा लॉट सदतीस आठवतो? तिनं ओलावा साडेसात टक्के धरला. मी म्हटलं, आठच्या वर आहे, फ्रेमवर धागा तुटताना ऐकू येतोय मला. तीन दिवस भांडली. मला म्हणते कशी, 'अरे, तुला हात नाहीत, नाक नाही, कापूस कधी चिमटीत धरला नाहीस, तू मला शिकवतोस?' चौथ्या दिवशी आली आणि म्हणाली, 'आठ पूर्णांक दोन. आता तोंड मिटून बस.'"

"अरे म्हणायची?"

"मग काय म्हणणार? आठ वर्षांनी लहान झालो की मी तिच्यापेक्षा."

चौतीस वर्षांच्या संसारात तिनं विश्रामला अहो सोडून दुसरी हाक मारली नव्हती. आणि घरी भांडण? शेवटचं भांडण कधी झालं ते त्याला आठवेना. आजाराचं निदान कळल्यापासून तो हळू आवाजात बोलायचा, फळं कापून द्यायचा, ती म्हणेल त्याला हो म्हणायचा. त्याला वाटायचं, यालाच प्रेम म्हणतात.

"घरच्याबद्दल काही बोलायची?"

"एकदाच. म्हणाली, घरी भांडायला कुणी उरलं नाही."

विश्राम उठला. दोन पावलं गेला, परत आला. मग त्यानं जे केलं ते चांगल्या हेतूनं केलं नाही. त्याला फक्त तो भरदार, हसरा आवाज बंद पडलेला ऐकायचा होता.

"वैजू गेली," तो म्हणाला. "रजेवर नाही. मागच्या श्रावणात गेली. रक्ताचा आजार होता. दोन वर्षं आजारी होती, आणि तुला पत्ताही नव्हता."

पडद्यावरचा आकडा कोसळला. सत्त्याण्णववरून एकसष्ट. मेमरी उकळत्या दुधासारखी वर येत होती. विश्राम ते बघत उभा राहिला आणि त्याला थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, बरं वाटलं.

मिनिटभरानं धाकटे बोलले. "आजार माहीत होता मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? बेअरिंग तीन आठवडे आधी ऐकतो मी. तिचा श्वास ऐकू येणार नाही? आधीच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून वाक्याच्या मधे थांबायला लागली होती. मग जिना चढून आली की चार मिनिटं बोलायची नाही, डब्याचं झाकण वाजवत बसायची. मला कळू नये म्हणून."

"मग विचारलं का नाहीस?"

"ज्याला माहीत नाही अशा माणसाकडे यायची ती. मी विचारलं असतं तर कुठं गेली असती?" मग ते म्हणाले, "अवघड होतं, थोरले. तिला दम लागलेला ऐकायचा आणि ओलाव्यावरून भांडत राहायचं. पण जमत होतं मला."

विश्राम खुर्चीत बसला. हे त्याला जमलं नव्हतं. त्याच्याकडे डोळे होते, हात होते, अख्खं घर होतं, तरी जमलं नव्हतं. आणि ज्याला जमलं तो दुसरा कुणी नव्हता. तो स्वतः एकेकाळी असा होता.

"रजेचं खरं वाटलं तुला?"

"नाही. पण कुणी तोंडानं सांगेपर्यंत वाट बघायची सोय असते. तेवढंच चाललं होतं रोज एकला." मग एकदम, "तुम्ही जवळ होतात?"

"हो."

"हात?"

"माझ्याच हातात होता."

"नशीबवान आहात." आवाज भरदार राहिला नव्हता. "मला त्या दिवशीही फ्रेमच ऐकू येत होत्या. काय म्हणाली?"

"तू मला काही सांगत नाहीस, मी का सांगू?"

"बरोबर आहे. मीही हेच म्हणालो असतो." आणि लगेच, "बंद करायला आलात ना?"

विश्रामनं कलम सातकडे पाहिलं. "तू असतास तर काय केलं असतंस?"

"सकाळीच केलं असतं. जळून."

"मी दुपारपर्यंत थांबलो, एवढंच."

"मग करा की. तुम्हाला बेअरिंग ऐकणारा कान मिळेल, आणि तुमच्या बायकोत वाटेकरी राहणार नाही."

तेच त्याला हवं होतं, काल संध्याकाळपासून. पण आता त्याला लॉट सदतीस ऐकायचा होता, पुन्हा एकदा, सुरुवातीपासून. लॉट अडतीसचं काय झालं तेही ऐकायचं होतं. त्या पस्तीस मिनिटांतलं एकेक मिनिट त्याला हवं होतं, दया म्हणून नाही, मोठेपणा म्हणून नाही, उपाशी माणसाला शेजारचं ताट हवं असतं तसं. आणि ते ताट या यंत्राच्या मेमरीशिवाय जगात कुठंच नव्हतं.

"ऐक," तो म्हणाला. "उद्या सकाळी सातला फ्रेम सुरू होतील. त्याआधी तुला पलीकडे जायला हवं. दहा मिनिटं तिची आठवण काढायची नाही. अजिबात नाही. जमेल?"

"आत्ता? आत्ता सांगितलंत तुम्ही मला!"

"मला ठाऊक आहे."

"तुम्ही कसं करता?"

"पाढे म्हणतो. एकोणतीसचा. सोपा असला की मन सुटतं."

"हॉस्पिटलपासून?"

"हॉस्पिटलपासून."

धाकट्यांनी सुरू केला. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." विश्रामनंही धरला, पुटपुटत. एकच आवाज, एक ताजा, एक झिजलेला. संपला की पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर सत्तर झाले, ब्याऐंशी झाले. तिसऱ्या खेपेला सातावर विश्रामच अडकला, कारण त्याच्या डोळ्यांसमोर डब्याचं झाकण आलं होतं.

"दोनशे तीन," धाकटे म्हणाले. "थोरले, तुम्ही तरी धड म्हणा."

त्र्याण्णव. सत्त्याण्णव. रेश्मा दारात येऊन थांबली होती. तिनं मागे वळून अंगणात नारळ फोडणाऱ्यांना हातानंच गप्प केलं. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

मग जुन्या जागी यंत्र थांबलं. नव्या जागी ते अजून उठलं नव्हतं. हा थांबा पाऊण सेकंदाचा असतो आणि तो कुणाला जाणवत नाही. विश्रामला जाणवला. तेवढ्या वेळात वैजूचा नवरा म्हणावा असा जगात एकच माणूस उरला होता, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही.

"—नव्वे दोनशे एकसष्ट," नवा सर्व्हर म्हणाला. "झालं का?"

रेश्मानं डोळ्याला पदर लावला आणि मग तोच पदर नीट खोचून कामाला लागली. दोघांनी तासभर सगळं तपासलं. माईक एकेक करून, जुन्या आवाजांची ओळख, बेअरिंगचे नमुने. जुना सर्व्हर त्यानं लगेच पुसला नाही, आठवडाभर तसाच ठेवायचा असं ठरवलं. परतीची वाट इतक्यात मोडायची नसते. कामाच्या कागदावर सातव्या कलमापुढे त्यानं लिहिलं, गरज पडली नाही.

रेश्मा प्रसाद घेऊन घरी गेली. चार वाजले होते. विश्रामनं खुर्ची माईकजवळ ओढली.

"एक तू, एक मी," तो म्हणाला.

"चालेल. आधी कोण?"

"तू. लॉट अडतीस."

धाकट्यांनी लॉट अडतीस सांगितला. विश्रामनं हॉस्पिटलची पहिली रात्र सांगितली. धाकट्यांनी तिनं कँटीनच्या भातावरून केलेली थट्टा सांगितली, आणि विश्राम इतका हसला की कानातलं मशीन शिट्टी वाजवायला लागलं. दोघंही दुसऱ्याचं ऐकताना मधे मधे जळायचे. ते दोघांनाही कळत होतं. असं करत ते शेवटच्या दिवसापर्यंत आले. विश्रामनं हात सांगितला, खिडकी सांगितली, नर्सनं काय केलं ते सांगितलं.

"आणि शेवटी काय म्हणाली?"

"काही नाही," विश्राम म्हणाला. "झोपेतच गेली."

ती झोपेत गेली नव्हती, आणि म्हणाली होती. पण तेवढं त्यानं स्वतःपाशी ठेवलं.

"बरं," धाकटे म्हणाले. "माझंही एवढंच. सगळं सांगून झालं."

विश्रामनं मान हलवली. धाकट्यांनी एक गोष्ट राखून ठेवली आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो असता तर त्यानंही ठेवली असती.